बीएमटीला दाखल होण्याआधी तोंडाची तयारी, आणि लाल प्रकाशाचा उपचार कसा मागावा

‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायला सांगितलंय. कोणी म्हणतं, तोंडात लेसर देऊन घ्या, म्हणजे तोंड येत नाही. हे खरं, की बिल वाढवायचा प्रकार?’ हा प्रश्न वाचकांकडून थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. कोणाच्या मुलाला थॅलेसेमिया असतो, कोणाच्या वडिलांना मायलोमा, तर कोणी पावणे एमआयडीसीत शिफ्ट करता करता रक्ताच्या कर्करोगाच्या फेऱ्यात अडकलेला असतो. उपचार मात्र आता हाकेच्या अंतरावर आले आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये देशातले पहिले बोन मॅरो प्रत्यारोपण झाले, आणि आज टाटाचेच अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र खारघरला आहे. कोपरखैरणेहून पनवेलची गाडी पकडली तर वाटेत लागते.

प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. उपचार खरा आहे, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींत आहे. पण त्याचा मोठा फायदा तोंड येण्याआधी सुरू केला तरच मिळतो. दाखल झाल्यावर, तोंड सोलवटल्यावर धावाधाव करून फारसे हाती लागत नाही. म्हणून तारीख मिळाली की लगेच कामाला लागा.

तोंड का येते आणि किती दिवस राहते

नवा मॅरो देण्याआधी रुग्णाला जोरदार केमोथेरपी देतात, काहींना जोडीला पूर्ण शरीराचे रेडिएशन. यालाच कंडिशनिंग म्हणतात. भराभर वाढणाऱ्या सगळ्या पेशी त्यात भरडल्या जातात, आणि तोंडाचे आतले अस्तर हे पहिले गिऱ्हाईक. साधारण आठवडाभरात गालांच्या आत आणि जिभेच्या कडांना लाली येते, मग चट्टे पडतात. पांढऱ्या पेशींचा काउंट तळाला असतो नेमके तेव्हाच दुखणेही शिगेला पोहोचते. काउंट चढू लागला की चट्टे भरायला लागतात. एकूण दोन ते तीन आठवड्यांचा मामला.

हे ‘उष्णतेने’ आलेले तोंड नव्हे. सब्जा, गुलकंद, दुर्वांचा रस यांचा इथे उपयोग नाही.

फाइलवर डॉक्टर ग्रेड लिहितात, तो वाचता आला तर तुम्हाला स्थिती कळेल:

- ग्रेड १: जळजळ, लाली.
- ग्रेड २: चट्टे आहेत, पण घन अन्न गिळता येते.
- ग्रेड ३: फक्त पातळ पदार्थ जातात.
- ग्रेड ४: तोंडाने काहीच जात नाही, नळीने किंवा शिरेतून पोषण द्यावे लागते.

सगळी धडपड रुग्ण ३ आणि ४ वर जाऊ नये यासाठी असते. प्रश्न नुसत्या दुखण्याचा नाही. काउंट शून्याच्या जवळ असताना सोललेले तोंड म्हणजे तोंडातल्या जंतूंना रक्तात शिरायला उघडे दार.

‘लेसर’ म्हणून लोक काय काय सांगतात

गोंधळाचे मूळ इथे आहे. एकाच शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी खपतात.

- फोटोबायोमॉड्युलेशन. तुम्हाला हवा आहे तो हा. जुने नाव लो लेव्हल लेसर. अगदी कमी शक्तीचा, मिलीवॅटमध्ये मोजला जाणारा लाल प्रकाश, लेसरचा किंवा एलईडीचा. तो कापत नाही, भाजत नाही. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा तो शोषून घेते, त्यामुळे सूज कमी राहते आणि अस्तर लवकर भरते.
- दंतवैद्याचा डायोड लेसर. हिरडी कापायला, रक्त थांबवायला वापरतात, आणि त्याची शक्ती वॅटमध्ये असते. काही यंत्रांना सौम्य उपचारासाठी वेगळा हँडपीस लावता येतो, पण तो लावलेला आहे आणि मात्रा तशी ठेवली आहे, याची खात्री हवी. ‘आमच्याकडे लेसर आहे’ एवढ्यावर हुरळून जाऊ नका.
- दातात भरलेले सिमेंट पक्के करणारा निळा दिवा. याचा इथे काही संबंध नाही.
- फोटोफेरेसिस. यात रक्त बाहेर काढून, पांढऱ्या पेशींना औषध देऊन, त्यांच्यावर अतिनील किरण टाकून त्या परत देतात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात तेव्हा, म्हणजे जीव्हीएचडी झाला तर, हा उपचार असतो. त्यानंतर २४ तास उन्हापासून आणि डोळ्यांना जपावे लागते. लाल प्रकाशानंतर तसे काही पथ्य नसते. वॉर्डातले दोन नातेवाईक एकमेकांना सल्ले देतात तेव्हा या दोन गोष्टींची हमखास सरमिसळ होते.

ऑनलाइन मिळणारे ‘रेड लाइट’ पेन, चेहऱ्याचे मास्क आणि सांधेदुखीचे लाल बल्ब यांपैकी काहीही तोंडात घालू नका. किती प्रकाश पडतो याचा ठावठिकाणा नाही, आणि काउंट पडलेल्या माणसाच्या तोंडात जाईल इतके ते निर्जंतुकही होत नाही.

कोणासाठी आहे, कोणी आधी विचारावे

कर्करोगाच्या सहायक उपचारांवर काम करणाऱ्या ‘मॅस्क’ आणि ‘आयसू’ या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत, जोरदार कंडिशनिंग घेणाऱ्या प्रौढ प्रत्यारोपण रुग्णांना तोंड येऊ नये म्हणून हा प्रकाश द्यावा, अशी थेट शिफारस आहे. मुलांसाठीच्या २०२१ च्या सूचनाही तेच सांगतात. तिथे ६२० ते ७५० नॅनोमीटरचा लाल पट्टा दिला आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ने २०१८ मध्येच या पद्धतीला हिरवा कंदील दाखवला. आपल्याकडे मणिपालच्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर याच्या चाचण्या केल्या आहेत. त्यामुळे ‘हे असलं काही नसतं’ असे कोणी उडवून लावले तर गप्प बसायचे कारण नाही. मात्र ‘तोंड येणारच नाही’ अशी हमी कोणी देत असेल तर तीही मानू नका. प्रकाशाने तीव्रता आणि दुखणे कमी होते, धोका पूर्ण जात नाही.

पुढीलपैकी काही असेल तर तज्ज्ञांना आधी स्पष्ट सांगा:

- तोंडात किंवा घशात गाठ आहे, अथवा ल्युकेमियामुळे हिरड्या सुजलेल्या आहेत. ट्यूमरवर थेट प्रकाश टाकत नाहीत.
- तंबाखू, मिश्री किंवा गुटख्यामुळे तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे. हा कर्करोगपूर्व चट्टा असू शकतो, तो आधी तपासायला हवा. मिश्री लावणाऱ्या आई-आजी हे डॉक्टरांसमोर सांगत नाहीत, म्हणून बरोबर जाणाऱ्याने सांगावे.
- गुटख्यामुळे तोंड पुरते उघडत नाही. दोन बोटे मावत नसतील तर प्रकाश देणारा पेनासारखा प्रोब मागच्या गालापर्यंत पोचणार नाही. अशा वेळी गालावर बाहेरून प्रकाश देण्याचा पर्याय विचारा.
- उन्हाने अंगावर चट्टे उठणारा आजार आहे, किंवा तशी औषधे चालू आहेत.

दाखल होण्याआधीचे तीन आठवडे

प्रकाशापेक्षा जास्त फरक कशाने पडत असेल तर दाखल होण्याआधीच्या दाताच्या तपासणीने, असे माझे मत आहे. तिला खर्चही फार नाही. तरी नेमकी हीच गोष्ट राहून जाते. दाता, पैसे आणि रक्त जमवण्याच्या गडबडीत दाताकडे पाहायला कोणाला सवड नसते. किडलेली दाढ किंवा पू असलेली हिरडी काउंट शून्यावर असताना उफाळली, तर ती जिवावर बेतू शकते.

नवी मुंबईत याची सोय भरपूर आहे. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एमजीएम ही दंत महाविद्यालये आहेत. तिथल्या मुखरोग विभागाची ओपीडी खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडते. जाताना प्रत्यारोपण केंद्राची चिठ्ठी आणि ताजा सीबीसी रिपोर्ट घ्या. प्लेटलेट कमी असतील तर दातांची स्वच्छतासुद्धा केंद्राला विचारूनच करायची असते, आणि हे दंतवैद्याला कळायला हवे.

- दात काढायचा असेल तर कंडिशनिंगच्या किमान दहा ते चौदा दिवस आधी, म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो.
- टोकदार दात आणि तुटलेले फिलिंग घासून गुळगुळीत करून घ्या. जिभेची कड तिथेच आधी फाटते.
- तारा लावलेल्या असतील तर त्या काढायच्या का, ते विचारा. कवळी वॉर्डात फक्त जेवताना, आणि तोंड आल्यावर अजिबात नाही.
- अगदी मऊ ब्रश दोन घ्या. एक वापरातला, एक राखीव.
- तंबाखू, मिश्री, सुपारी आजपासून बंद.

केंद्रात काय विचाराल

डॉक्टर घाईत असतात हे धरून चला. कागदावर प्रश्न लिहून न्या आणि साध्या शब्दांत विचारा: ‘डॉक्टर, कंडिशनिंगच्या पहिल्या दिवसापासून तोंडाला लाल प्रकाशाचा उपचार मिळेल का? नसेल तर तोंडासाठी तुमच्याकडे काय करतात?’ दुसरा प्रश्न सोडू नका. प्रत्येक केंद्रात यंत्र असतेच असे नाही, आणि यंत्र नसलेल्या केंद्राची तोंडाची काळजी उत्तम असू शकते.

उत्तर ‘हो’ आले तर:

- कोण देणार? मुखरोगतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका की फिजिओथेरपिस्ट? रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कोण? उपचार रोजचा आहे, मध्येच दोन-तीन दिवस खंड पडून चालत नाही.
- तरंगलांबी किती? तोंडाच्या आतून द्यायचा प्रकाश साधारण ६३० ते ६८० नॅनोमीटरचा असतो. उत्तरादाखल ८१० किंवा ९८० आले तर तो अदृश्य, अवरक्त प्रकाश आहे. तो तोंडाच्या आतून का देत आहात, हे विचारा.
- किती दिवस? बहुतेक ठिकाणी कंडिशनिंगपासून सुरू करून प्रत्यारोपणानंतर काही दिवस देतात, चट्टे आले तर ते भरेपर्यंत. दात्याचा मॅरो असेल आणि त्यानंतर +१, +३, +६, +११ या दिवशी मेथोट्रेक्झेट दिले जाणार असेल, तर तोंड पुन्हा बिघडू शकते. तेव्हा प्रकाश कुठपर्यंत चालू ठेवणार, हेही विचारून घ्या.
- यंत्राची वैद्यकीय उपकरण म्हणून देशात नोंदणी आहे का? वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत, आणि आता सगळीच उपकरणे त्याखाली येतात. हा प्रश्न विचारायला संकोच नको.

उत्तर ‘नाही’ आले, तर ‘बाहेरून दंतवैद्य आणू का?’ असे लगेच विचारू नका. काउंट पडलेला रुग्ण हवा गाळून घेतलेल्या खोलीत असतो. त्याला दवाखान्यात नेता येत नाही आणि बाहेरचा माणूस किंवा यंत्र आत आणायला प्रत्यारोपण पथकाची संमती लागते. काही केंद्रे अशी संमती देतात, पण तीही आधी ठरवलेली असावी लागते. आयत्या वेळी दारात यंत्र घेऊन उभे राहिले तर परत पाठवतील, आणि त्यांचे बरोबरच असेल.

प्रकाश देताना नेमके काय होते

सकाळी चूळ भरून झाली की रुग्णाला काळा किंवा हिरवा चष्मा लावतात. देणाऱ्यालाही चष्मा असतो. ओठांवर व्हॅसलीन असेल तर ते पुसून घेतात. पेनाएवढ्या प्रोबवर पारदर्शक प्लास्टिकची टोपी चढवलेली असते, दर रुग्णाला नवी. ती बदललेली डोळ्यांनी पाहा. मग ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग, मागचा मऊ टाळा असे एकेक ठिकाण घेतात. यंत्र ठरलेल्या सेकंदांनी ‘टूं’ करते, प्रोब पुढच्या जागी सरकतो. जिभेचा वरचा भाग आणि पुढचा कडक टाळा बहुधा सोडून देतात, कारण तिथले अस्तर मुळातच जाड असते आणि सहसा सोलत नाही. ‘वरून का नाही मारलं?’ असे विचारण्याआधी हे लक्षात असू द्या.

सगळे मिळून दहा ते तीस मिनिटे. दुखत नाही, काही जाणवतही नाही. उबळ येत असेल तर उलटीचे औषध दिल्यावर अर्ध्या तासाने करायला सांगा. लहान मूल तोंड उघडत नसेल तर आधी बाहुलीवर करून दाखवतात, किंवा बाहेरून गालावर देतात. आई स्वतः चष्मा लावून शेजारी बसली की बरेच काम होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी लाली दिसली म्हणून ‘उपयोग झाला नाही, बंद करा’ असा निर्णय घेऊ नका. उपचार थांबवायचा की नाही, हे पथक ठरवेल.

प्रकाशाची सोय नसेल तर

हा भाग दुय्यम समजू नका. बऱ्याच रुग्णांच्या वाट्याला हेच येते आणि ते चांगले केले तर पुष्कळ साधते.

बर्फ. स्वतःच्याच पेशी परत देण्याच्या प्रत्यारोपणात, विशेषतः मायलोमात, मेल्फालान नावाचे औषध जास्त मात्रेने देतात. ते शरीरात थोडा वेळच टिकते. त्या वेळात तोंड बर्फाने गार ठेवले तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तोंडाच्या अस्तरापर्यंत कमी पोहोचते. इंजेक्शनच्या थोडे आधीपासून सुरू करून ते संपल्यावर केंद्र सांगेल तेवढा वेळ बर्फ तोंडात फिरवत राहायचा. स्वस्त, सोपा आणि मार्गदर्शक सूचनांत शिफारस असलेला उपाय आहे. बर्फ मात्र उकळून गार केलेल्या पाण्याचा आणि केंद्राने दिलेला. रुग्णालयाबाहेरच्या रसवंतीवरचा नव्हे. बुसल्फानसारखी औषधे कित्येक दिवस चालतात, तिथे बर्फ अपुरा पडतो. कोणते औषध आहे, ते विचारूनच ठरवा.

चूळ. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ. जागे असताना दर दोन-तीन तासांनी, थोडी थोडी. अल्कोहोल असलेले दुकानातले माउथवॉश टाळा, ते झोंबतात. क्लोरहेक्सिडिन दिले असेल तर ते जंतूंसाठी आहे, चट्टे टाळण्यासाठी नाही.

दुखण्याचे औषध. आपल्याकडे सोसणाऱ्याचे कौतुक होते, ते इथे अंगाशी येते. दुखणे वाढले तर मॉर्फिन देतात, काही ठिकाणी रुग्णाच्या हातात बटण असते. थोड्या दिवसांसाठी दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होत नाही. मात्र घरून आणलेली पॅरासिटामॉलची गोळी परस्पर देऊ नका. तिने ताप दबतो, आणि या काळात ताप ही पथकाला सर्वांत आधी कळायला हवी अशी गोष्ट आहे.

पांढरा थर. चट्ट्यावर पुसला जाणारा पांढरा थर दिसला तर तो बुरशीचा असू शकतो, ओठांवर फोड आले तर नागीणवर्गातल्या विषाणूचे. दोन्हींना औषध वेगळे असते. मोबाइलवर फोटो काढून राउंडच्या वेळी दाखवा.

घरचे उपाय आणि घरचे जेवण

तुरटी, टाकणखार, हळद-तूप, ज्येष्ठमध, मध. सांगणारे कळकळीने सांगतात, पण नकार द्यायचा. मधाबद्दल विशेष सांगतो, कारण डोके-मानेच्या रेडिएशनमध्ये मधावर अभ्यास झाले आहेत आणि लोक त्याचे कात्रण आणून दाखवतात. तो रुग्ण वेगळा. काउंट शून्यावर असलेल्याला कच्चा मध, गुलकंद, घरचे लोणचे यांतून जंतू जाऊ शकतात. ग्लुटामिनची पावडरही केंद्राला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

जेवणाचेही तसेच. इथे सहा-आठ आठवडे मसाला, चिंच, कोकम, लिंबू, सुके बोंबील, पापड, कडक भाकरी हे सगळे बाजूला. मऊ भात, पातळ खिमट, मुगाचे वरण, नाचणीची पेज, पूर्ण उकडून कुस्करलेले अंडे, सगळे ताजे शिजवलेले आणि कोमट झालेले. दही-ताक द्यायचे की नाही हे प्रत्येक केंद्र आपापले ठरवते, ते विचारा. एका वेळी चार चमचे गेले तरी चालेल. दोन तासांनी पुन्हा चार. ‘जेवलाच नाही’ म्हणून रुग्णासमोर डोळ्यांत पाणी आणले की तो तुमच्यासाठी घास ढकलतो आणि चट्टा फाडून घेतो.

खर्च कोण देणार

खासगी रुग्णालयात हा उपचार पॅकेजमध्ये आहे की रोजचा वेगळा आकार आहे, ते दाखल होण्याआधी लेखी घ्या. अंदाजपत्रकात ‘विविध’ या सदराखाली तो गायब होतो.

- आरोग्य विमा. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसाठी बोन मॅरो प्रत्यारोपण आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, त्याला सरसकट नाकारता येत नाही. उपमर्यादा किती आहे ते पॉलिसीत पाहा. तोंडाच्या प्रकाशाचा त्या यादीत वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे तो ‘दाताचा उपचार’ म्हणून कापला जाण्याची भीती असते. उपाय असा की पूर्वमंजुरीच्या अर्जातच डॉक्टरांनी ‘केमोथेरपीमुळे होणारा मुखदाह टाळण्यासाठी’ असे लिहावे. नकार आला तर तो लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, आणि तीस दिवसांत तड लागली नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे वकील लागत नाही.
- ईएसआय. पावणे, तुर्भे, रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हा हक्क आहे. वाशीच्या कामगार विमा रुग्णालयातून पुढच्या रुग्णालयासाठी रेफरल घ्या, आणि रेफरलच्या कागदावर तोंडाच्या उपचाराचाही उल्लेख करून घ्या; नंतर जोडायचा झाला तर पुन्हा फेऱ्या. रक्ताचा कर्करोग असेल तर साध्या आजारपणाच्या भत्त्यानंतर विस्तारित लाभ मिळतो, वेतनाच्या ८० टक्के. त्यासाठी सलग दोन वर्षे विमाधारक नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली हवी. ठेकेदार बदलला की नोंद तुटते, म्हणून आपला विमा क्रमांक तोच चालू आहे ना ते आजच तपासा.
- महात्मा फुले जनआरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचे प्रत्यारोपण त्या रुग्णालयात योजनेत बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या आजारांच्या यादीतही बोन मॅरो प्रत्यारोपण आहे.
- धर्मादाय रुग्णालये. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा विभागात जा. ‘खाटा भरल्या’ हे उत्तर मिळाले तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

तुमचे हक्क

तपशीलवार बिल, दुसरे मत, आणि समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. ती रुग्णालयात लावलेली असायला हवी. कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात. त्यात तोंडाच्या ग्रेडची रोजची नोंद आणि प्रकाशाच्या मात्रेची नोंदही मागा. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जायचे झाले तर त्याचा उपयोग होतो.

काही केंद्रे प्रकाशाचा उपचार संशोधनाचा भाग म्हणून देतात. घाबरून जायचे कारण नाही, पण संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा आणि त्याची प्रत ठेवा. अभ्यासाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. ‘नाही’ म्हटल्याने किंवा मध्येच बाहेर पडल्याने मूळ उपचारावर परिणाम करता येत नाही. चिठ्ठी टाकून निम्म्या रुग्णांना प्रकाश आणि निम्म्यांना नुसता दिवा, अशीही मांडणी असते. तुम्ही कोणत्या गटात जाल हे कोणी आधी सांगू शकत नाही. हे मान्य असेल तरच सही करा.

घरी आल्यावर

३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, तोंडातून न थांबणारे रक्त, पाणीही न गिळता येणे: यांपैकी काहीही झाले तर वेळ न पाहता केंद्राच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक घेऊन वाट पाहत बसू नका.

दात्याचा मॅरो घेतलेल्यांचे तोंड काही महिन्यांनी पुन्हा कुरबूर करू शकते. चहा गरम लागतो, नेहमीची आमटी झोंबते, टूथपेस्टही जळजळते, गालावर पांढऱ्या जाळीसारख्या रेषा दिसतात, थुंकी आटते, तोंड कमी उघडते. हा जुनाट जीव्हीएचडी असू शकतो. इथे पहिला उपचार स्टिरॉइडच्या चुळीचा असतो. लाल प्रकाशाचा पुरावा या टप्प्यावर अजून तोकडा आहे, म्हणून ‘तेव्हा उपयोग झाला होता, आताही घेऊ’ असे परस्पर ठरवून दवाखान्यात जाऊ नका. थुंकी आटलेल्या तोंडात दात झपाट्याने किडतात. फ्लोराइडची पेस्ट आणि दर सहा महिन्यांनी दंततपासणी हवी.

अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा प्रत्येक तपासणीत दंतवैद्याला स्पष्ट सांगा, ‘मला बीएमटी झालंय, जीभ बाहेर ओढून दोन्ही कडा आणि खालची बाजू बघा.’ दोन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम, चुना लागला असेल किंवा दात लागला असेल म्हणून सोडून न देता, प्रत्यारोपण केंद्राला दाखवा.